आभाळाची चौकशी करायला आलेले साहेब

शेवगावजवळच्या आमच्या वस्तीवर एका संध्याकाळी मी आणि सासूबाईंनी आभाळात हिरवट उजेडाचा गोळा पाहिला. तो विहिरीवर जरा थांबला आणि आवाज न करता सरळ वर निघून गेला. गाव आम्हाला हसलं, तरी मी पोलीस पाटलांना सांगितलंच.

आठवड्याभरात लष्कराची जीप दारात आली. उतरलेल्या साहेबांनी टोपी काढून काखेत धरली.

"आजी, तो कुठून कुठं गेला ते हातानं दाखवा."

सासूबाई हात फिरवतील तसा शेजारी उभं राहून तेही आपला हात फिरवत होते. ड्रोन, विमान, लष्कराच्या सरावात आभाळात सोडलेला उजेड, असं एकेक विचारून त्यांनी स्वतःच बाद केलं. दर वेळी त्यांचे डोळे जास्तच चमकायचे.

"मंग काय हुतं वो ते, सायेब?"

"माहीत नाही, आजी!" ते आनंदानं म्हणाले. "इतक्या गावांत गेलो, पण असं पहिल्यांदाच म्हणतोय. पुन्हा दिसलं तर आधी मला फोन करा. मी स्वतः अजून काहीच पाहिलेलं नाही."

"मंग जेवूनच जा की. अंधार पडंस्तवर थांबा."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितलं आणि अंगणातल्या बाजेवर आभाळाकडे तोंड करून बसले.