अकरा महिन्यांचं दार

‘घर पाहावं बांधून’ असं म्हणतात. मी म्हणायचो, पाहायचंच असेल तर दुसऱ्यानं बांधलेलं पाहावं. लातुरात कॉलेजात गणित शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि ती सगळी भाड्याच्या घरात. घर नको होतं असं नाही, हिशेब जमत नव्हता. मी देत होतो त्या भाड्याच्या तिप्पट हप्ता भरून लोक तसल्याच तीन खोल्यांचे मालक होत होते. वाचलेले पैसे मी म्युच्युअल फंडात टाकायचो. बोअर आटला तर मालकाची चिंता, गच्ची गळाली तरी मालकाचीच. स्टाफरूममधला कुणी नवा मास्तर घराचं कर्ज काढायला निघाला, की मी त्याला कागदावर आकडेमोड करून दाखवायचो. दोघांनी तरी माझं ऐकून घर घेतलं नाही. त्यांची माफी मागावीशी वाटते, पण कशाबद्दल मागू? आकडे तर बरोबरच होते.

धाकट्या भावाची मी फार टिंगल केली. त्याचं उदगीरला किराणा दुकान. त्यानं कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या, वर पत्रे टाकले. गिलाव्याला पैसे उरले नाहीत. वास्तुशांतीला मी पोटभर जेवलो आणि वर म्हणालो, "बँकेचा भाडेकरू झालास की रे!" तो नुसता हसला.

आई माझ्याकडेच असायची. एकदा तिलाही मी सगळा हिशेब समजावून सांगितला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुजं समदं खरं हाय. पर मी गेल्यावर मला कोन्च्या दारात बसवशील?"

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, भस्म लावून दारात बसवतात. गल्ली येऊन पाया पडते, मग नेतात.

"ह्याच दारात, आई," मी म्हणालो. "चौदा वर्षं झाली इथं." प्रत्यक्षात ती चौदा वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या तुकड्यांत झाली होती, पण ते मी तिला सांगितलं नाही.

आई एप्रिलमध्ये दवाखान्यातच वारली. तिला गाडीत ठेवलं आणि फाटक उघडून ठेवा म्हणून मी घरमालकाला फोन केला.

"लई वाईट झालं सर," तो म्हणाला. "पर बॉडी इकडं आणू नका. वर लेकरं अभ्यास करायलेत, डॉक्टरकीची परीक्षा तोंडावर हाय. एका बापानं पोरगं काढून नेलं, की समदे नेतेत."

माणूस वाईट नव्हता. वरच्या मजल्यावर सहा खोल्या, खोलीत तीन-तीन पोरं, त्याचाही हिशेब बरोबरच होता. मला भांडतासुद्धा आलं नाही. ड्रायव्हरनं विचारलं, "कुठं घेऊ?" त्या वेळी वाटलेली लाज अजून गेलेली नाही.

मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "घेऊन ये दादा. दार उघडंच हाय."

त्या बिनगिलाव्याच्या भिंतीला टेकवून आम्ही आईला बसवलं. भावाची अख्खी गल्ली पाया पडून गेली. कुणीतरी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "हे कोण?" उत्तर आलं, "थोरला. लातूरला असतो, किरायानं."

जूनमध्ये करार संपला. नव्या करारात एक कलम वाढलं होतं: जागेत मृतदेह आणता येणार नाही, अंत्यविधी करता येणार नाहीत. मालक खाली बघत म्हणाला, "वकिलानं घातलंय सर. मनावर घेऊ नका."

सवयीनं मी मनात आकडेमोड केली. भाडं अजूनही हप्त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकंच होतं. मी सही केली.