राष्ट्रसंघाचा चौथा मुद्दा

परवा जालन्याला भावाकडे गेले होते. जेवताना टीव्हीवर संयुक्त राष्ट्रसंघाची कुठलीशी बैठक चालू होती... मोठं गोल टेबल, कानाला हेडफोन आणि चेहरे असे की मयतीला आलेत. मी घास हातात धरून हसत सुटले. भाचीला वाटलं, आत्याला काहीतरी झालं!

मला आठवली टेंभुर्णीतली आमच्या अंगणाची भिंत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा दहावीला. भिंतीपलीकडे कापड दुकानवाल्या मारवाडी भाभी राहायच्या. आईची नि त्यांची इतकी गट्टी, की रस्त्यावरून फेरा नको म्हणून भाभींनी हट्टानं भिंतीत छोटं दार पाडून घेतलं होतं.

माझं अर्धं लहानपण त्यांच्या ओसरीवर गेलं. पाठांतर त्याच घ्यायच्या... पुस्तक हातात धरून बसायच्या आणि मी कुठं गाळलं की बराबर पकडायच्या.

नववीच्या उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला आणि दोघींचं बिनसलं. आधी पाइप कुणाचा, एवढ्यावरून! दाराला दोन्हीकडून कड्या लागल्या. दहावीचं वर्ष आणि भाभी नाहीत... मला अभ्यासाला बसलं की रडूच यायचं.

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मध्यस्थी केली. म्हणजे दोन्हीकडे 'हे काही बरं नाही' म्हणाले आणि चहा पिऊन परत आले. राष्ट्रसंघानंही, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जुन्या संघानंही, बऱ्याचदा एवढंच केलं, हे मला त्याच वर्षी इतिहासाच्या पुस्तकातून कळलं.

तेव्हा पाठांतर म्हणजे मोठ्यांदाच. रोज सकाळी मी अंगणात येरझाऱ्या घालत घोकायचे... राष्ट्रसंघाच्या अपयशाची कारणे. एक, स्वतःचं सैन्य नव्हतं. दोन, निर्णयाला सगळ्यांची संमती लागायची. तीन, बडी राष्ट्रं आपलाच फायदा बघायची. आणि चौथ्याला माझी गाडी हमखास अडायची, मग पुस्तकात बघून तो मोठ्यांदा वाचायचे. इकडे आई जोंधळे निवडत गप्प, तिकडे भाभींच्या भांड्यांचा आवाज.

परीक्षा तोंडावर आली तरी तेच. त्या सकाळी मी पुन्हा पुन्हा पहिल्यापासून म्हणून बघत होते. पलीकडची भांडी थांबली... आणि कित्येक महिन्यांनी भिंतीवरून भाभींचा आवाज आला.

"अगं, ज्या अमेरिकेनं हे सुचवलं, तीच आत आली न्हाई. रोज इथंच अडकून राह्यली तू, बेटा."

मी जागच्या जागी उभी. आईचे हात सुपातच राहिले. म्हटलं, झालं, आता ही काहीतरी फाडकन बोलणार... आई उठली, पदराला हात पुसले आणि दाराची आमच्या बाजूची कडी काढली.

"दार तर तुम्हीच करून घेतलं व्हतं, भाभी. मंग तुम्हीच बाहेर कामून?"

मग पलीकडची कडी वाजली. भाभी राखेच्या हातांनीच आल्या, आईला धरलं आणि दोघी अशा रडल्या, की मी इतिहास टाकून चहा ठेवायला पळाले. त्या दिवसापासून माझं पाठांतर पुन्हा भाभींच्या ओसरीवर.

गंमत म्हणजे पेपरात राष्ट्रसंघ आलाच नाही! संयुक्त राष्ट्रसंघ आला. पहिला मोडला म्हणून लोकांनी हात टेकले नाहीत, त्याच्या चुकांवरून शिकून दुसरा उभा केला... हे मात्र मी झोकात लिहिलं.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा बातम्या संपल्यावर मी भाभींना फोन लावला. म्हटलं, जग अजून भांडूनच राह्यलंय हो. आधी हसल्या, मग म्हणाल्या,

"कडी आधी तुझ्या आईनं काढली व्हती, बेटा. मी तर तिकडं नुसती वाट बघून राह्यले व्हते."

आईनं कडी काढलेली मी बघितली होती, पण पलीकडे भाभी त्याचीच वाट बघत होत्या, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं... थँक्यू, आई.