शिळं पाणी
नवा माठ पहिल्यांदा भरला की जो ओला वास सुटतो, त्याने मला ती काचेची बरणी आठवते. कॉलेजच्या प्रयोगासाठी विशाखापट्टणमहून रेल्वेने आणलेली समुद्री कोळंबीची पिल्लं तिच्यात होती, धुळीच्या कणाएवढी. कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या घरीच कूलरपुढे बरणी ठेवून मी रोज दहा पिल्लांची लांबी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचो. अकराव्या दिवशी बाजारातून आलो तर बरणी काठोकाठ भरलेली. आई खूश होती. "किती दिवसाचं शिळं पाणी होतं रे! आपण तरी पितो का? अर्धं फेकलं आन् माठातलं थंडं भरलं." खाऱ्या पाण्यातले ते जीव एकेक करून तळाशी बसत होते. आता मीठ घालूनही काही होणार नव्हतं. तरी मी पिल्लं काचेवर घेऊन मोजत राहिलो. "वाढून राहिले ना?" तिने पदराने घाम पुसत विचारलं. "हव," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी परवा ती शेजारणीला कौतुकाने सांगत होती, "समुद्राचे लेकरं आमच्या माठाच्या पाण्यावर वाढले." शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. मी अजूनही हवच म्हणतो.