टी-शर्टवरचं नाव

गौरेशचा कामाचा उरक दांडगा. सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवणाऱ्या मधुकर गावसांच्या डायलिसिससाठी त्यानं डिचोलीत मदतदौड भरवली. परवानग्या, पाणी, ॲम्ब्युलन्स, सगळ्यासाठी एकटाच धावला. दौडीच्या सकाळी टी-शर्टांचे गठ्ठे सोडले आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. छापखान्यानं गेल्या वर्षीच्या स्मृतिदौडीचा मजकूर तसाच ठेवून फक्त नाव बदललं होतं: ‘कै. मधुकर गावस’.

झेंडा दाखवायला आलेले मधुकर ते वाचून हसले. “जरा बेगीनच छापलंस रे!”

त्यांच्या बायकोनं, वत्सलावहिनींनी, टी-शर्ट उलटा करून नवऱ्याच्या अंगात घातला.

गौरेशला मान वर करवेना. छपाईआधी नमुना त्याच्याकडेच आला होता. त्यात ‘आयोजक’पुढचं आपलं नाव तेवढं त्यानं नीट वाचलं होतं.