चूल बंद ठेवलेला दिवस

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, ऑफिसात तर नाहीच. आणि गंमत बघा — तो दिवस आठवला की अजूनही आधी आनंदच होतो मला!

का नाही होणार? पर्यावरण सर्वेक्षणाची इंजिनीअर म्हणून माझं पहिलंच स्वतंत्र काम. जळकोटजवळ खडी क्रशर वाढवायचा होता, त्याआधी आसपासच्या हवेतली धूळ मोजायची होती. जीप माझ्या हुकमावर, मशीन नवंकोरं! क्रशरला सगळ्यात जवळचं घर महानंदाकाकूंचं, म्हणून मशीन त्यांच्या अंगणात लावलं. ते चोवीस तास हवा ओढतं, आतल्या पांढऱ्या कागदावर धूळ बसते, मग त्या कागदाचं वजन करायचं. एवढंच. पण मी काय रंगवून सांगितलं म्हणता! सगळी गल्ली जमली. फोटो काय, प्रश्न काय — माझे पाय जमिनीवर नव्हते.

"काकू, उद्यापर्यंत अंगण झाडू नका, चूल पेटवू नका," मी बजावलं. "नाहीतर तुमचाच धूर मोजला जाईल."

"न्हाय पेटवत. एक दिस शिळं खाऊ," काकू म्हणाल्या. "पर खरं काय ते निघू द्या, बाई. ह्यांचा खोकला लई वाढलाय."

त्यांनी शब्द पाळला. चहासुद्धा केला नाही. काका बिडी ओढायला पार रस्त्यापलीकडे जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा मशीन छान घरघरत होतं. मी ऐटीत झाकण उघडलं आणि — आत कागदच नव्हता.

बसवायलाच विसरले होते! माझ्या पिशवीत, पाकिटात, जसाच्या तसा कोरा. पण ही कबुली त्या विसरण्याबद्दल नाही. विसरतं माणूस.

"घावली का धूळ?" काकूंनी विचारलं.

मी म्हणाले, "हो, घावली."

का म्हणाले? कालच्या त्या गल्लीसमोर फजिती नको होती, दुसरं काय! "अजून एक दिवस" एवढंच म्हणायचं होतं. काकूंनी चूल पुन्हा बंद ठेवली असती, हे मला पक्कं माहीत होतं. मी मशीन उचललं आणि क्रशरपासून लांब, मी उतरले होते त्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात, चिंचेच्या गार सावलीत लावलं. तिथं चोवीस तास चालवलं — तेवढेच चोवीस तास! आणि पाकिटावर लिहिलं, महानंदाकाकूंचं घर.

आकडा मर्यादेच्या आत आला. साहेबांनी पाठ थोपटली. मी खूशही झाले.

मग जनसुनावणी झाली. मंडप भरलेला, क्रशर नको म्हणून लोक तावातावानं बोलत होते. माझा अहवाल नुकताच वाचून झाला होता. काकू उठल्या. मला वाटलं, आता खोकल्याचं सांगणार. त्यांनी माझ्याकडं बोट केलं, अगदी कौतुकानं.

"ह्या बाईंनी आमच्या दारातच मशीन लावलं व्हतं. म्या चूल सुदीक बंद ठेवली. धूळ न्हाय निघाली. मंग ह्यांचा खोकला बिडीचाच म्हनायचा. आमी उगं कशाला आडवं यावं?"

शेजारी बसलेल्या काकांनी मान खाली घातली.

माईक माझ्या हातात होता. मी तो पुढच्या माणसाकडं दिला.

क्रशर वाढला. परवा जळकोटला गेले तेव्हा कळलं, काकांनी सुनावणीच्या दिवशीच बिडी सोडली. खोकला तसाच आहे.