छबूबाईची अर्धी पट्टी

छबूबाईशी माझी ओळख भांडणानं झाली. नगरच्या आमच्या हॉस्पिटलात भाजलेल्या लोकांच्या वॉर्डात मी फिजिओथेरपिस्ट आहे. ज्यांना हललं की दुखतं त्यांना हलायला लावणं हे माझं काम, त्यामुळं वॉर्डात माझ्यावर कुणी फारसं खूश नसतं. छबूबाईच्या गळ्यावर नवीन कातडं लावून थोडेच दिवस झाले होते आणि मी तिला मान मागं न्यायला सांगत होते. ती म्हणाली, "तुझी मान दे इकडं, मागं कशी न्यायची ते मी दावते." सगळा वॉर्ड हसला. मी जामखेडची, राग माझ्या नाकावर असतो. मीही तिला चार शब्द सुनावले. त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही आणि दुसऱ्या दिवशी काहीच झालं नसल्यासारखं ती मला पूजा म्हणून हाक मारायला लागली.

बाई सोनईच्या अलीकडच्या एका खेड्यातली, पन्नाशीची. नवरा बन्सी गुळव्या. गुऱ्हाळावर पाक कधी उतरवायचा ते बन्सी ठरवायचा आणि बन्सीनं काय करायचं ते छबूबाई ठरवायची. उकळत्या रसावरची मळी झाऱ्यानं काढायचं काम तिचं. हंगाम ऐन भरात असताना ओल्या चिपाडांवरून तिचा पाय घसरला, झारा कढईत आपटला आणि रस गळ्यावर, छातीवर उडाला. अंगावरचं लुगडं फाडून तिच्यावर पाणी ओतायची अक्कल फक्त बन्सीला सुचली, म्हणून ती वाचली. हे ती स्वतःच सांगायची, आणि वर म्हणायची, "जल्मात एकदाच डोकं चालवलं, पन वेळंवर चालवलं."

जखम भरली म्हणजे सुटलो असं लोकांना वाटतं. खरी कटकट नंतर असते. भाजल्याचा व्रण कडक होतो, आखडतो आणि जवळ जे सापडेल ते ओढून घेतो. गळ्यावरचा व्रण हनुवटीला छातीकडं ओढतो. माणसाला पुढचा रस्ता दिसत नाही, तांब्यानं पाणी पिता येत नाही, समोरच्याचं तोंड बघायला कंबरेतून मागं वाकावं लागतं. आणि ही बाई तर भावकीत, ग्रामसभेत, रेशनच्या दुकानात, कुठंच कुणापुढं नमलेली नव्हती. तिची मान मोकळी राहावी यासाठी माझा जीव तुटायचा. तिला तसं कधी कळू दिलं नाही, नाहीतर डोक्यावर बसली असती.

प्लास्टिक सर्जन म्हटलं की नाक-ओठ सुंदर करणारा डॉक्टर, असंच लोक समजतात. आमच्या डॉक्टर हर्षलांचं बहुतेक आयुष्य भाजलेल्यांची कातडी सांधण्यात चाललंय. त्यांनी त्या वर्षी एक संशोधन हाती घेतलं. सिलिकॉनची एक मऊ पण महागडी पट्टी मिळते. ती व्रणावर रात्रंदिवस लावून ठेवली तर व्रण नरम राहतो, असं म्हणतात. पण आमच्याकडच्या उन्हात, घामात, रानात राबणाऱ्या माणसांना तिचा खरंच किती उपयोग होतो, हे डॉक्टरांना नीट पाहायचं होतं. म्हणून चिठ्ठ्या टाकून निम्म्या पेशंटांना पट्टी आणि तेलाचं मालिश, निम्म्यांना नुसतं तेलाचं मालिश. व्यायाम सगळ्यांना सारखेच. सगळ्यांना समजावून, त्यांची संमती घेऊनच हे चाललं होतं. फरक दिसला तर यापुढं येणाऱ्या प्रत्येक भाजलेल्या माणसाला हॉस्पिटल पट्टी देईल, असं विश्वस्तांनी कबूल केलं होतं. दर गुरुवारी तपासणी आणि व्रण मोजायचं काम माझ्याकडं.

छबूबाईच्या नावानं पट्टीची चिठ्ठी निघाली. तिच्याच गावच्या यशोधराला तेल आलं. यशोधरा बावीस वर्षांची, अंघोळीच्या पाण्याचा हंडा उतरवताना तिचा उजवा कोपर आतून भाजला होता. पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. धावण्यात तिला तोड नव्हती, पण गोळाफेकीला हात सरळ व्हावा लागतो आणि तिचा कोपर आखडत चालला होता. गावात दोघींची घरं दोन टोकांना. छबूबाईच्या सासूनं बौद्धवाड्यातलं पाणी कधी तोंडाला लावलं नव्हतं, हे छबूबाईनंच मला सांगितलं होतं. वॉर्डात मात्र दोघींच्या खाटा शेजारी होत्या. यशोधरा तिच्या केसांची वेणी घालायची आणि छबूबाई तिच्या ताटातलं उरलेलं हक्कानं संपवायची.

दोघी घरी गेल्या. पुढच्या काही तपासण्यांत मला काही उमगेना. पट्टी लावणाऱ्या छबूबाईची मान आखडत होती आणि नुसतं तेल लावणाऱ्या यशोधराचा कोपर सुटत होता. मला वाटलं, बाई व्यायामात टंगळमंगळ करते. एकदा सोनईला एका पेशंटला बघून परत येताना मी न सांगताच तिच्या घरी गेले. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. गळ्याला पट्टी होती, पण मधोमध चार बोटं तेवढीच. दोन्ही बाजूंचा व्रण उघडा होता.

"मावशी, पट्टी कापली तुम्ही?"

"व्हय."

"उरलेली कुठंय?"

"यशाच्या कोपराला. कुठं जाईल?"

मी ओट्यावरच बसले. डोकं तापलं होतं, तरी आवाज खाली ठेवून विचारलं, "का?"

"एकीला पट्टी, एकीला नुसतं तेल. एका गावच्या आमी, शेजारी शेजारी निजलेल्या. तिच्यादेखत मी एकटीनं लावून मिरवू व्हय? आन ती तरी सोताहून मागती का? लई मानी हाय. मीच कात्री लावली."

"अहो, पट्टीनं फायदा होतो की नाही तेच अजून माहीत नाही!"

"म्हाईत न्हाई, तर माझ्या गळ्याला कशापायी लावली?"

मी सगळं पहिल्यापासून समजावलं. निम्म्यांना दिली, निम्म्यांना नाही, तरच दोघांतला फरक दिसणार. वाटून घेतली तर काय दिसणार? शिवाय अर्धा गळा उघडा ठेवून तिनं स्वतःचंही नुकसान केलं होतं. शेवटी मी ओरडलेच. ती शांतपणे ऐकत होती, हातातली शेंगसुद्धा फोडली नाही.

"पन पोरीचा हात सरळ व्हायला लागलाय ना?" ती म्हणाली.

"तो व्यायामानं होत असेल! तरुण आहे म्हणून होत असेल! पट्टीनं होतोय हे आता कोण सांगणार?"

"कुनी सांगायची गरज न्हाई. सरळ झाला, बास झालं."

उघड्या व्रणावर दोरीसारखी कडक शीर उठली होती. बोलताना तिची हनुवटी एका बाजूला ओढली जायची. तिचा इतका राग आला होता आणि तरी तिथून उठवेना. मी तशीच बसून तिच्यासोबत शेंगा फोडल्या.

डॉक्टरांना सांगणं भाग होतं. पुढच्या गुरुवारी त्यांनी पेशंटांना एकेक करून आत बोलावलं आणि न रागावता विचारलं. मग सगळंच बाहेर आलं. एका टेम्पोवाल्यानं पट्टी सोबत भाजलेल्या मेव्हण्याबरोबर पाळीनं वापरली होती. दोघी जावांनी एक दिवस तुझी, एक दिवस माझी, असं ठरवलं होतं. एका म्हातारीकडं पट्टी नव्हती, पण आपल्याकडचं घाण्याचं तेल चांगलं म्हणून ती पट्टीवाल्यांना बाटल्या भरून देत होती. हे सगळं बाहेरच्या बाकांवर बसून शिकवलं होतं छबूबाईनं. डॉक्टर आधी खूप हसले. नंतर त्यांनी डबा न खाताच बाजूला ठेवला. कित्येक महिन्यांची मेहनत वाया गेली होती. विश्वस्तांनी निरोप दिला की पट्टीचा उपयोग सिद्ध झाला की या. त्यांचंही काही चुकलं नाही.

छबूबाईला हे मीच सांगितलं. मला वाटतं मी ते थोडं सूड म्हणूनच सांगितलं. "पुढं जे भाजून येतील त्यांना सगळ्यांना पट्टी मिळणार होती, मावशी. आता नाही मिळणार."

"म्हंजी माझ्यामुळं?"

"तुमच्या एकटीमुळं नाही."

"पन माझ्यापासून सुरू झालं," ती म्हणाली. त्यानंतर तिनं माझ्याशी भांडणं जवळपास सोडूनच दिलं, आणि मला तेच सहन व्हायचं नाही.

मान व्हायची तशीच झाली. हनुवटी इतकी खाली आली की पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. आखडलेला व्रण मोकळा करून मांडीवरचं नवीन कातडं गळ्याला लावलं. बन्सी रोज डबा घेऊन यायचा आणि तिला चमच्यानं भरवायचा. ती त्याला "हळू, माझा गळा हाय, कढई न्हाई" असं खेकसायची, तेव्हा मला जरा बरं वाटायचं. यशोधराचा कोपर जवळजवळ सरळ झाला. शाळेच्या मैदानावर ती रोज गोळा टाकते, थोडासा अजून कमी पडतो. पट्टीनं सुटला की जिद्दीनं, हे मला आजही सांगता येणार नाही. छबूबाईला त्याबद्दल काडीची शंका नाही.

मधल्या काळात डॉक्टरांनी संशोधन नव्यानं आखलं होतं. आता माणसांची दोन गटांत वाटणी नव्हती. ज्याच्या त्याच्या व्रणाच्या अर्ध्या भागावर पट्टी आणि तेल, उरलेल्या अर्ध्यावर नुसतं तेल. एकाच अंगाची, एकाच घामाची, एकाच कष्टांची दोन अर्धी एकमेकांशी ताडून पाहायची. लहान मुलं मात्र यात घ्यायची नव्हती. हे कळल्यावर सगळ्यात आधी कोण आलं असेल, तर छबूबाई. डॉक्टर विचारात पडले. मी तर तोंडावर नको म्हणाले.

"घ्या मला," ती म्हणाली. "माझा व्रन नवा हाय, अर्धा पट्टीचा, अर्धा तेलाचा. ह्या टायमाला एक बोटभर तुकडासुद्धा माझ्या गळ्यावरून हलायचा न्हाई. मी नासवलंय, मलाच करू द्या."

तिला घेतलं. ती शब्दाला इतकी पक्की निघाली की मलाच तपासायला जायची लाज वाटू लागली. यशोधरा सांगायची, मावशी पट्टी धुऊन वाळत घालते आणि वाळेपर्यंत तिथून उठत नाही.

परवाच्या गुरुवारी बाहेरच्या बाकावर जामखेडकडची बनाबाई येऊन बसली होती. मांडीवर चार वर्षांची नात, पायाचं पाऊल चुलीतल्या निखाऱ्यावर पडून भाजलेलं. पोरीची बोटं खाली वळायला लागली होती. मी दारातूनच पाहत होते. छबूबाईनं पोरीला पिशवीतली गुळाची ढेप फोडून खडा दिला, तिचं पाऊल हातात घेतलं, बोटं कशी चोळायची ते दाखवलं. बनाबाईची नजर तिच्या गळ्यावर गेली.

"हीच का ती पट्टी? मला त्या सिस्टरनी सांगितलं, पोरांना देत न्हाईत म्हनं. बाई, एवढासा तुकडा द्या ना. पावलापुरता."

छबूबाईचा हात गळ्याकडं गेला. पट्टीच्या कडेवर बोटं जाऊन थांबली. मी हललेसुद्धा नाही. मी अडवलं असतं की नसतं, हे मला खरंच ठाऊक नाही.

"न्हाई देता यायचं," छबूबाई म्हणाली.

"तुमची नात असती तर?"

छबूबाईनं पोरीचं पाऊल अलगद खाली ठेवलं, उठली आणि माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसली. मी दार लोटून घेतलं.

"नको म्हनले मी तिला," ती म्हणाली. "ऐकलंस?"

"ऐकलं. मावशी, हिशेब लागला की पट्टी सगळ्यांना मिळेल. पोरांनाही मिळेल. तुम्ही बरोबर केलं."

"ते मला कळतं गं," ती म्हणाली. "पन तवर त्या पोरीची बोटं थांबायची हायेत का?"

बाहेर ती पोरगी गुळाचा दुसरा खडा मागत होती. मी हनुवटीपासून छातीपर्यंत टेप धरला. वर्षभर मी या बाईला जे शिकवायला धडपडले ते तिनं अखेर केलं होतं, आणि तिनं पट्टीला कात्री लावली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं. टेपवरचा आकडा मला दोनदा बघावा लागला. डोळे भरून आले होते, काही दिसत नव्हतं.