बॉनेट थंड होतं

उस्ताद माणसाला सलाम करण्याआधी त्याच्या गाडीच्या बॉनेटला हात लावायचे. उलटा हात, आई पोराचा ताप बघते तसा. मग तोंड वाकडं करून म्हणायचे, "तापली." गाडी दोन गल्ल्या ओलांडून आलेली असो की अकोल्याहून, निदान तेच. अमरावतीच्या मे महिन्यात गाडीच काय, शेजारी उभा असलेला मालकही तापलेला असायचा, त्यामुळे हे निदान कधी खोटं ठरलं नाही.

ज्याची चूक कधी होतच नाही असा एखादा मिस्तरी तुम्हीही पाहिला असेल. आमचे हे उस्ताद मूळचे तेल्हाऱ्याचे, गॅरेज कॉटन मार्केटच्या मागे. गाडी दुरुस्त झाली तर ती उस्तादांनी केली. नाही झाली तर पेट्रोलमध्ये भेसळ, रस्ता खराब, नाहीतर ड्रायव्हर नालायक. माझ्या नवऱ्याची जुनी पेट्रोल जीप त्यांच्याच हाताखालची, आणि नालायक ड्रायव्हरांत माझ्या नवऱ्याचा नंबर बराच वर होता.

या नवऱ्याच्या डोक्यात लडाखच्या मोटार शर्यतीत उतरायचं खूळ शिरलं. तिथे गाड्या एकामागून एक सोडतात, प्रत्येक टप्प्याला वेळ ठरलेली असते, आणि त्या वेळेत पोचला नाहीत तर बाद. गाडी तो चालवणार, शेजारी बसून रस्ता आणि वेळ मी सांभाळणार. मी शाळेत भूगोल शिकवते म्हणून ही जबाबदारी माझ्यावर, असं तो चारचौघांत सांगायचा. खरं म्हणजे सुट्टी काढून फुकट यायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

"म्या बी येतो," उस्तादांनी जाहीर केलं. "माह्या गाडीले दुसऱ्या मिस्तऱ्याचा हात नाई लागला पाह्यजे."

त्यांचं येणं निव्वळ प्रेमापोटी नव्हतं. गॅरेजच्या समोरच एक चकचकीत सर्व्हिस सेंटर उघडलं होतं आणि उस्तादांची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडत होती. "तिथी एसीत बसवतेत, कॉफी पाजतेत आन गाडी कम्प्युटरले दाखवतेत," ते म्हणायचे. म्हणायचे हसून, पण दिवसभर त्यांची नजर रस्त्यापलीकडेच असायची. आपल्या हातची गाडी हिमालय ओलांडून आली की हीच मंडळी परत येतील, अशी त्यांची खात्री होती. नाही आली तर गॅरेज बंद करावं लागेल, हेही त्यांना माहीत होतं. निघायच्या आधीच त्यांनी पाटीवर रंगवून घेतलं : 'हिमालय पार करणारी गाडी इथे तयार होते.'

"उस्ताद, आधी पार तर होऊ द्या!" मी म्हटलं.

"बाई, पेंटर आता रिकामा हाय. मंग कुठी भेटते तो?"

सराव चिखलदऱ्याच्या घाटात. तिथे उस्तादांनी आपला डाव समजावून सांगितला. "चढावर गाडी मारायची नाई, तिचा दम राखायचा. उतारावर सगळे भेतेत. तिथी टाइम कमवायचा." डाव चांगलाच होता. मी म्हटलं, तिकडे चिखलदऱ्यासारखं नाही, हवा विरळ असते, इंजिनाची ताकद निम्म्यावर येते, थंडी हाडात शिरते.

"किताबातली हवा अलग, बाई, कार्बोरेटरातली अलग."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कार्बोरेटरचा जेट बदलून बारीक बसवला आणि वर हवा कमी असते तेव्हा पेट्रोलही कमी द्यावं लागतं, हे मलाच शिकवलं. मी गुपचूप ऐकून घेतलं. वर्गात मी याहून वाईट शिष्य सहन केले आहेत.

पण व्हॉलचं त्यांनी ऐकलं नाही. इंजिन तापेपर्यंत त्यातलं पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी एक झडप असते, तोच हा व्हॉल. आमच्याकडचे मिस्तरी ती काढून भंगारात टाकतात, कारण वऱ्हाडात इंजिन तापायला कोणाच्या मदतीची गरज नसते. आमच्या जीपमधली झडपही उस्तादांनी कधीच काढलेली. थंडीत ती लागेल, असं मी दोनदा म्हटलं.

"व्हॉल ठेवला त गाडी तापते," ते म्हणाले. विषय संपला.

लेहला पोचल्यावर उस्ताद दोन स्वेटर आणि माकडटोपी घालून हॉटेलचा जिना चढले आणि मधेच बसले. छाती भात्यासारखी चालली होती. "जिना चुकीचा बांधला," ते म्हणाले. नवरा मला डोळ्यांनी म्हणाला, हसू नकोस. मी हसलेच.

पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे खिंडीचा टप्पा. चढ सुरू झाला तशी जीप खोकायला लागली. इंजिन तापेचना. काचेवर आतून धुकं, हीटरमधून बर्फासारखी हवा, आणि मी एका हातात नकाशा धरून दुसऱ्या हाताने काच पुसतेय. मागून सुटलेल्या गाड्या आमच्या पुढे जात होत्या. दम राखायचा डाव तर दूरच, गाडीला दमच नव्हता. नवरा शिव्या देत होता, अगदी हळू आवाजात, कारण शिव्या द्यायलाही तिथे हवा पुरत नव्हती.

खिंडीच्या अलीकडे दुरुस्तीसाठी थांबायची जागा होती. सामानाच्या गाडीतून उस्ताद तिथे आधीच येऊन उभे होते. त्यांनी सवयीने बॉनेटला उलटा हात लावला. मग हात काढला, पुन्हा लावला. मग दोन्ही हात लावले. एवढा चढ चढून आलेली गाडी आणि बॉनेट थंड, असं त्यांच्या उभ्या जन्मात घडलं नव्हतं.

पेट्रोल, रस्ता, नवरा. यातलं काहीतरी येणार म्हणून मी वाट बघत होते.

ते धावत सामानाच्या गाडीकडे गेले. त्या हवेत, त्या छातीने, धावत. बायकोने दिलेल्या ज्वारीच्या धापोड्यांचं, म्हणजे पापडांचं, खोकं त्यांनी मागच्या सीटवर उपडं केलं, पुठ्ठा फाडला आणि तारेने रेडिएटरच्या तोंडावर बांधून टाकला. थंड वारा अडला. थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज भरला, काच स्वच्छ झाली. खिंड आम्ही ओलांडली, उतारावर नवऱ्याने जीव तोडून गाडी हाणली. तरी ठरलेली वेळ टळून गेली होती. बाद.

संध्याकाळी तंबूत उस्ताद म्हणाले, "माह्यं चुकलं, भाऊ." इतकी वर्षं हेच वाक्य ऐकायला आम्ही टपलेलो होतो. ऐकलं आणि मला रडू आलं.

अमरावतीला आल्यावर मीच सगळीकडे सांगून टाकलं की माझा नकाशा चुकला, वळण हुकलं. कॉटन मार्केटच्या चहाच्या टपरीवर हे लगेच पटलं. बाई रस्ता दाखवत होती म्हटल्यावर कोणी पुढे काही विचारलंच नाही. माझी जन्मभराची थट्टा होणार होती, होऊ दे म्हटलं. उस्तादांचं गॅरेज तरी चालेल.

चौथ्या दिवशी उस्ताद घरी आले. फाटकाबाहेरच उभे राहिले. नवऱ्याची जीप समोर उभी होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"बाई, खोटं कावून बोलून राहिले तुमी?"

"अहो उस्ताद, तुमच्यासाठीच. गिऱ्हाइकं जातील ना."

"जाऊ द्या. व्हॉल म्या काढला. तुमी सांगतलं व्हतं, तरी काढूनच ठेवला. चूक माह्यी हाय, तिच्यावर दुसऱ्याचं नाव नाई लागू देत मी."

"पण गाडी पार तर झाली ना! पाटीवर काही खोटं नाही."

"टाइमावर नाई झाली."

"आत तरी या. चहा घ्या."

आले नाहीत. गॅरेजवर जाऊन पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने त्यांनी पाटीवरची ती ओळ स्वतः पुसली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, विचारो न विचारो, व्हॉलची गोष्ट सांगत राहिले. आधी सर्व चुका लोकांच्या होत्या. आता एक त्यांची झाली होती आणि ती ते कोणाला हात लावू देत नव्हते. गिऱ्हाइकं व्हायची तेवढी कमी झालीच.

गेल्या हिवाळ्यात उस्ताद वारले. गॅरेजच्या जागी मोबाइलचं दुकान झालं आहे. मला त्यांची फार आठवण येते, हे मी नवऱ्याखेरीज कोणाला सांगितलेलं नाही.

लडाखला तुम्ही बाद का झालात, असं अजूनही कोणी ना कोणी विचारतं. मी सांगते, आमच्या उस्तादांनी व्हॉल काढला होता, चूक त्यांची होती. पूर्ण त्यांची. ऐकणारे एकमेकांकडे बघतात. बाई स्वतःची चूक मेलेल्या माणसावर ढकलतेय, असं त्यांना वाटतं.

वाटू दे.